पाळलेलं कासव दुसरीकडे सोपवायचंय: कायदा, प्रवास, नवी टाकी (एकत्रित धागा)

पाणकणीस

"घरी कासव आहे, आता सांभाळणं होत नाही, कुणाला देता येईल?" हा प्रश्न या विभागात सतत येतो. उत्तरं दहा ठिकाणी विखुरली आहेत आणि त्यातली काही धोकादायक आहेत. म्हणून सगळं एका जागी आणू या. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात एकाच गोष्टीने करा: कासव कोणतं आहे ते ओळखा. ते कळल्याशिवाय कुणालाही फोन करू नका, जाहिरात तर नकोच. देशी कासव असेल तर ते "कुणाला तरी देणं" हाच गुन्हा ठरतो. परदेशी असेल तर ते तळ्यात सोडणं हा त्या तळ्याचा घात ठरतो. दोन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

महाराष्ट्रातल्या घरांत साधारणपणे सापडतात ती अशी:

स्टार कासव जमिनीवरचं आहे. घुमटासारखी उंच पाठ, काळपट कवचावर प्रत्येक खवल्याच्या मध्यापासून फुटणाऱ्या पिवळ्या रेषा, हत्तीसारखे गोल पाय, बोटांमध्ये पडदा नाही.

रेड-इअर्ड स्लायडर पाण्यातलं आणि मूळ अमेरिकेतलं. डोळ्यामागे लाल पट्टा, पायांना पडदे, पोटाकडचं कवच पिवळं आणि त्यावर गडद ठिपके. वय वाढलं की लाल पट्टा फिका पडतो, काही मोठ्या नरांमध्ये सगळा रंगच काळवंडतो. दुकानात पाच रुपयांच्या नाण्याएवढं मिळणारं हिरवं पिल्लू जवळजवळ नेहमी हेच असतं.

मऊ पाठीचं देशी कासव चपटं असतं, कवचावर कातडं, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं. मागचे पाय आत ओढले की खालून कातडी झडपा मिटतात. विहिरी आणि शेततळ्यांत हेच सापडतं.

काळं देशी कासव गडद तपकिरी किंवा काळं असतं, पाठीवर लांबीच्या दिशेने तीन कंगोरे. याला स्लायडर समजून घरात ठेवलेलं बऱ्याचदा दिसतं.

शंका असेल तर चार फोटो टाका: वरून, पोटाकडून, डोक्याची एक बाजू, आणि पुढचा पाय जवळून. पोटाचा फोटो काढायला कासव उलटं ठेवायचं नाही. एकाने आडवं उचलून धरायचं, दुसऱ्याने खालून फोटो घ्यायचा, काम दहा सेकंदांचं. फोटोत घर, पत्ता, गाडीचा नंबर नको.

---

वनवाट

कायद्याचा भाग मी मांडतो.

स्टार, मऊ पाठीचं, काळं, छपरी पाठीचं: आपल्याकडची देशी कासवं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानंतर स्टार कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. पूर्वी ते चौथ्या अनुसूचीत होतं, त्यामुळे "किरकोळ दंड होतो" ही जुनी माहिती अजून फिरते. आता पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं, आणि दंड किमान २५,००० रुपये. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१९ मध्ये स्टार कासव साइटीजच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे व्यापार पूर्ण बंद.

कलम ३९ प्रमाणे असा प्राणी शासनाची मालमत्ता आहे. तो कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. विकत घेतलं, भेट मिळालं, रस्त्यात सापडलं, यातल्या कशानेही मालकी तयार होत नाही. म्हणून स्टार कासवाच्या बाबतीत "दुसरं घर" हा शब्दच वापरू नका. रस्ता एकच आहे, वनविभागाकडे सुपूर्द करणं.

---

गोदाकाठ

वनवाटदादा, दोन शंका. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाकडे स्टार कासव आहे. त्यांच्याकडे दुकानाचं बिल आहे आणि २०२० साली केंद्राने जी स्वेच्छेने माहिती देण्याची योजना काढली होती ती आपल्याला लागू होते असं ते म्हणतात. शिवाय त्यांच्या भावाचं साताऱ्याजवळ शेत आहे, तिकडे मोकळं सोडायचा विचार चालू आहे.

---

वनवाट

बिलाला काहीही किंमत नाही. ज्याची विक्रीच बेकायदा, त्याची पावती हा उलट पुरावा होतो.

२०२० ची योजना परदेशी जिवंत प्राण्यांसाठी होती. देशी संरक्षित प्राणी तिच्यात बसत नव्हते. स्टार कासव साइटीजच्या यादीत आहे म्हणून हा गोंधळ होतो. पण एखादी प्रजाती पहिल्या-दुसऱ्या अनुसूचीतही असेल आणि दुरुस्तीनंतर साइटीजच्या प्राण्यांसाठी केलेल्या नव्या चौथ्या अनुसूचीतही, तर पहिल्या-दुसऱ्याचे नियम चालतात, असं दुरुस्त कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

ज्यांच्याकडे खरोखर जुनं मालकी प्रमाणपत्र आहे (२००३ च्या घोषणेतून मिळालेलं वगैरे), त्यांच्यासाठी कलम ४२-अ आहे: मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजी दिवसांची नोटीस देऊन प्राणी सुपूर्द करता येतो, प्रमाणपत्र रद्द होतं, भरपाई मिळत नाही. अशी प्रमाणपत्रं फार थोड्यांकडे असतात.

साताऱ्याच्या शेताचं उत्तर: नाही, आणि दोन कारणांनी नाही. भावाला देणं म्हणजे भावालाही गुन्ह्यात ओढणं. आणि सह्याद्रीच्या पावसाळ्यात ते कासव जगत नाही. स्टार कासवाचा मूळ प्रदेश कोरडा आणि काटेरी झुडपांचा: राजस्थान-गुजरातचा पट्टा, दक्षिण-पूर्व भारत, श्रीलंका. सतत ओल आणि गारवा मिळाला की त्याला न्यूमोनिया होतो.

प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. वनविभागाची १९२६ ही हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. कासव कोणतं वाटतं, किती आहेत, लांबी अंदाजे किती, जखम किंवा आजार दिसतो का, तालुका आणि परिसर, एवढं सांगायचं. ते जवळच्या वनपरिक्षेत्राशी जोडून देतात. सोबत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज दोन प्रतींत लिहा: प्राण्याचं वर्णन, ताब्यात कधी आणि कसा आला, काय खायला घातलं, आता स्वेच्छेने सुपूर्द करत आहोत. एका प्रतीवर शिक्का, सही, तारखेसह पोच घ्यायची. वनपाल किंवा वनरक्षक घरी आले तर पंचनामा होईल आणि जबाब घेतला जाईल. ओळखपत्र बघायला मागा, आणि पंचनाम्यात संख्या व लांबी बरोबर लिहिली आहे ना ते सही करण्याआधी वाचा.

"रस्त्यावर सापडलं" असं खोटं लिहू नका. लोकांना वाटतं याने सुटका होते. पण आठ वर्षं घरात राहिलेलं कासव "जंगलातून कालच आलेलं" म्हणून नोंदलं गेलं तर त्याच्या उपचाराचे आणि पुढे सोडण्याचे सगळे निर्णय चुकतात. स्वतःहून दिल्यास कारवाई होणारच नाही अशी हमी कायद्यात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. धास्ती वाटत असेल तर अर्ज देण्याआधी एकदा वकिलाशी बोला. मात्र त्यासाठी महिनोन्‌महिने लांबवू नका.

---

चिंचवण

ठिकाणांबद्दल थोडी भर. पुण्यात बावधनला वनविभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट यांचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, नागपुरात सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तरी थेट कासव घेऊन दारात जाऊ नका, आधी १९२६. वनविभागाला न कळवता स्टार कासव गाडीतून नेताना पकडलं गेलं तर ती वाहतूकच ठरते, हेतू कितीही चांगला असो.

आणि एक गोष्ट कळकळीने: देवळाच्या कुंडात किंवा तलावात स्टार कासव सोडू नका! त्याला पोहता येत नाही. जड घुमट आणि खांबासारखे पाय घेऊन ते बुडून मरतं. गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं म्हणून कुंडात जिवंत कासव सोडणं पुण्याचं, असं समजणारी माणसं खरंच भली असतात. त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं एवढंच. आपण सांगू या.

---

कवचवैद्य

पशुवैद्यकीय बाजू मांडतो. द्यायचं कुणालाही असो, वनविभाग किंवा नवा पालक, हस्तांतराआधी चार नोंदी हव्यात.

वजन: स्वयंपाकघरातल्या ग्रॅम काट्यावर, सकाळी, खाण्याआधी. लांबी: कवचाच्या वळणावरून टेप फिरवायची नाही. पुढे आणि मागे दोन जाड पुस्तकं उभी टेकवा आणि त्यांच्यामधलं सरळ अंतर मोजा. फोटो: वर, खाली, दोन्ही बाजू. पोटावरची नक्षी प्रत्येक कासवाची वेगळी असते, तीच ओळख. आणि आहार व औषधांचा इतिहास.

आजाराच्या खुणा अशा: नाकातून बुडबुडे किंवा तोंड उघडं ठेवून श्वास, पाण्यात एका बाजूला कलून पोहणं (फुप्फुसाचा संसर्ग), सुजलेले, मिटलेले डोळे (स्लायडरमध्ये बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता, नुसती सुकी कोळंबी खाऊन होते), कानाच्या जागी टेंगूळ (आत घट्ट पू असतो, तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो), दाबल्यावर दबणारं कवच, कवचावर वास येणारे खड्डे. यातलं काहीही असेल तर आधी उपचार, मग हस्तांतर. आजार लपवून दिलेलं कासव नव्या घरी पंधरा दिवसांत दगावतं, आणि तिथे आधीपासून असलेल्यांनाही घेऊन जातं.

कवच मऊ का पडतं ते नीट समजून घ्या, कारण नव्या घराला हीच गोष्ट सुधारायची असते. कॅल्शियम कमी, यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) नाही, आणि खायला पोळी-भात-काकडी. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतंच, त्यामुळे "खिडकीत ऊन मिळतं" याचा उपयोग शून्य. थेट ऊन नसेल तर नळीचा यूव्हीबी दिवा लागतो. तो दिसायला चालू असला तरी ६ ते १२ महिन्यांत निकामी होतो, बदलावा लागतो. दिव्याच्या आणि कासवाच्या मध्ये काच किंवा प्लास्टिक नको.

एक सूचना ठळक अक्षरांत वाचा. आयव्हरमेक्टिन कासवांना विषारी आहे. कुत्र्या-गुरांना जंतासाठी सर्रास दिलं जातं, म्हणून "नव्या घरी पाठवण्याआधी जंताचं इंजेक्शन द्या" म्हणताच काही जण तेच देतात. कासव लुळं पडतं आणि मरतं. आधी विष्ठा तपासा, जंत सापडले तर कोणतं औषध हे सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. तसंच अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन अंदाजाने नको, जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

---

ठाणेखाडी

स्लायडरचं सांगा ना. बहिणीकडे २२ सेंमीची मादी आहे, दोन फुटी टाकीत. वनविभागाला विचारलं तर ते म्हणाले हा देशी वन्यप्राणी नाही. संस्थांकडे जागा नाही. मग करायचं काय?

---

पाणकणीस

ठाणेखाडी, हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि याला झटपट उत्तर नाही. घाई न करता घर शोधावं लागेल, दोन-तीन महिने धरून चाला. तोवर तिला ती दोन फुटी टाकी नको. ३५० लिटरच्या आसपासचा प्लास्टिकचा चौकोनी टब घ्या (बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात मिळतो). काचेच्या टाकीच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो आणि नव्या घरी सोबत देताही येतो.

पाण्याचा ढोबळ हिशेब: कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर. २२ सेंमी म्हणजे जवळपास ९ इंच, म्हणजे ३५० लिटर. मादी २५ ते ३० सेंमीपर्यंत वाढते आणि नीट ठेवली तर २०-३० वर्षं जगते. समोरच्याला हा आकडा पहिल्याच फोनवर सांगा. निम्मे लोक तिथेच थांबतात, आणि ते चांगलंच आहे.

उरलेल्यांना विचारा: टाकी किंवा टब तयार आहे का, फोटो पाठवा. फिल्टर कोणता? माशांच्या टाकीचा फिल्टर असेल तर पाण्याच्या दुप्पट क्षमतेचा हवा, स्लायडर फार घाण करतं. अंग पूर्ण कोरडं होईल अशी ऊन शेकायची जागा आहे का, तिथे ३२ ते ३५ अंश मिळतात का? घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का? (कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असतो. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही, हात साबणाने धुवायचे.) दिवाळीत गावी जाता तेव्हा कोण बघणार? आधीचं कासव आहे का, आणि वेगळं ठेवायला दुसरी टाकी आहे का?

यांची उत्तरं सविस्तर देणारा माणूस बहुधा योग्य असतो. "हो हो सगळं करू, कधी घेऊन येताय?" म्हणणाऱ्याला देऊ नका.

"फुकट, लगेच न्या" अशी जाहिरात टाळा. त्यातून वास्तूसाठी, जादूटोण्यासाठी किंवा पुन्हा विकायला नेणारे येतात. "वीस नखी आहे का" असं कुणी विचारलं तर संभाषण तिथेच बंद करा. स्लायडरला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी १८ नखं असतात, आणि नखं मोजून भाव करणाऱ्याच्या हाती कोणतंच कासव सुखरूप राहत नाही.

---

जलपर्णी

तळ्यात का नाही, हे मी लिहिते. उपवन, पवई, रंकाळा, कुठलंही तळं घ्या, "तिथे मोकळं राहील" हा विचार मनात येतोच. स्लायडरची गणना जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींमध्ये होते. ते आकाराने मोठं होतं, माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लं खातं, आणि ऊन शेकायच्या दगडांवरून देशी कासवांना हुसकावतं. ऊन न मिळालेल्या देशी कासवाचं पचन मंदावतं, कवचाला बुरशी धरते. सोबत घरच्या टाकीतले आजार तळ्यात जातात ते वेगळंच.

"एकटीच मादी आहे, वाढणार कशी?" हा युक्तिवादही टिकत नाही. मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने, कधी वर्षांनंतरही वापरू शकते. केरळमध्ये ही कासवं ओढ्या-तळ्यांत सापडू लागल्यावर तिथल्या वन संशोधन संस्थेला लोकांना आवाहन करून ती गोळा करावी लागली. आपल्या तळ्यांवर ती वेळ यायला नको.

---

ठाणेखाडी

समजलं. टब घेतो. ती कधीकधी मागच्या पायांनी काच खरवडत राहते आणि खाणं कमी केलंय. हे जागा कमी असल्यामुळेच ना?

---

कवचवैद्य

जागेमुळेही असेल, पण मादी आणि २२ सेंमी म्हटल्यावर आधी अंड्यांची शक्यता तपासा. नर नसतानाही अंडी तयार होतात (फलित नसतात). घालायला माती मिळाली नाही तर ती अडकतात आणि जीव जाऊ शकतो. एक्स-रे काढला की अंडी मोजता येतात. अंडी असतील तर प्रवास पुढे ढकला. मोठ्या टबमध्ये निम्मी वाळू, निम्मी माती, २० ते २५ सेंमी खोल, मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल इतकीच ओल. रोज संध्याकाळी दोन तास तिला त्यात सोडा आणि लांब राहा, माणूस दिसला की ती खणणं थांबवते. आठवडाभरात घातली नाहीत, किंवा ती मलूल झाली, तर लगेच डॉक्टर. कॅल्शियम आधीपासून देत असाल तर ते चालू ठेवा. समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा पाण्यात टाकून ठेवला तरी ती कुरतडते.

---

मुळशीपार

आमच्या गटात सुल्काटाबद्दल विचारणा होते. आफ्रिकन जमिनीवरचं कासव, परदेशी, मग ते मोकळेपणाने देता येतं का?

---

वनवाट

मोकळेपणाने नाही. सुल्काटा, अल्डाब्रा, लेपर्ड, लालपाय ही सगळी साइटीजच्या परिशिष्टांत आहेत, म्हणून आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. २८ फेब्रुवारी २०२४ ला निघालेल्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. आधीपासून असलेल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, नव्याने ताब्यात आल्यास ३० दिवस. हस्तांतराचीही नोंद करावी लागते. त्यामुळे क्रम असा ठेवा: देणाऱ्याची नोंदणी आधी पूर्ण, मग हस्तांतराची नोंद, मग प्राणी. नोंदणी नसलेलं सुल्काटा "घेऊन तर ठेवू, कागद नंतर" म्हणून घेऊ नका. मुदत चुकली असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात लेखी विचारा.

आणि जागेचं बघा. सुल्काटा ४०-५० किलोंच्या पुढे जातं, जमीन खणून बिळं करतं, फ्लॅटमध्ये ठेवण्याचा प्राणी नाही. कोकणात तर पावसाळ्यातले चार महिने त्याला कोरडी, ऊबदार, छप्पर असलेली खोली लागेल.

---

थेम्सतीर

इंग्लंडमधल्या मराठी वाचकांसाठी थोडं. इथे घरोघरी असतं ते हर्मन किंवा स्पर-थाय्ड कासव. विकायचं असेल तर आर्टिकल १० प्रमाणपत्र लागतं, ते एपीएचए (तिथली प्राणी आणि वनस्पती आरोग्याची सरकारी संस्था) देतं. पोटाकडचं कवच १०० मिमीच्या वर असेल तर मायक्रोचिप हवी. निव्वळ भेट म्हणून, पैसे किंवा वस्तू न घेता दिलं तर प्रमाणपत्राची गरज नसते, पण असलेलं प्रमाणपत्र कासवासोबत द्या.

स्लायडरचं मात्र उलट आहे. आक्रमक प्रजातींच्या नियमांमुळे जुन्या मालकाला ते मरेपर्यंत ठेवता येतं, पण विकता, पैदास करता किंवा ओळखीत देता येत नाही. परवाना असलेल्या बचाव केंद्राकडेच जावं लागतं. भारतात परतताना "मित्राला देऊन जातो" असं ठरवू नका, निघण्याच्या सहा महिने आधी केंद्रांच्या प्रतीक्षायादीत नाव घाला.

हर्मनला शीतनिद्रेत असताना किंवा शीतनिद्रेच्या तोंडावर हलवू नये. वसंतात उठून दोन-तीन आठवडे नीट खायला लागलं की मगच. स्टार कासव शीतनिद्रा घेत नाही हेही इथे नोंदवतो, पुण्यातलं कुणी तो प्रयोग करायला नको.

---

कवचवैद्य

प्रवासाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सगळ्यात जास्त इजा इथेच होते.

पाण्यातलं कासवही कोरडंच न्यायचं. बादलीत पाणी घालून गाडीत ठेवलं की पाणी हिंदकळतं, कासव उलटं होतं, आणि तळाशी अडकून बुडू शकतं. झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, कवचाच्या दीडपट लांबीचा. त्याहून मोठ्या डब्यात ते आदळत राहतं. बाजूंना ८ मिमीची भोकं, आतून बाहेर पाडलेली, म्हणजे कड आत टोचत नाही. तळाला ओलं करून पिळलेलं जाड सुती कापड, वर एक सैल ओलं फडकं. या पद्धतीने सहा-आठ तास ते आरामात राहतं. आदल्या दिवसापासून स्लायडरला खायला देऊ नका.

जमिनीवरच्या कासवाला निघण्याच्या सकाळी हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा. ते पाणी पितं, लघवी-विष्ठा करतं, मग अंग पुसून कोरड्या कापडाच्या डब्यात. डब्यात ओल नको.

तापमान २४ ते २८ अंश. डबा सीटवर नाही, पुढच्या सीटच्या मागे पायाशी, एसीचा झोत लागणार नाही असा. बंद गाडीत उन्हात दहा मिनिटंही ठेवू नका. कुरिअर किंवा एसटीच्या टपावर, डिकीत, अजिबात नाही.

नव्या घरी पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस खाणं टाळलं तर घाबरू नये. आधीचंच खाणं दोन आठवडे चालू ठेवा, मग हळूहळू बदला. जमिनीवरच्या कासवाला दूर्वा, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळ्याची पानं, शेवग्याचा पाला, काटे काढलेलं नागफणीचं पान. पालक कमीच, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. पाव, दूध, भात बंद. मोठ्या स्लायडरला निम्म्याहून जास्त हिरवा पाला, बाकी कासवखाद्याच्या गोळ्या.

आधीची कासवं असतील तर किमान ९० दिवस वेगळी खोली, वेगळी जाळी, वेगळा मग, आणि जुन्यांचं काम आधी उरकून नव्याकडे जायचं. या काळात दोनदा विष्ठा तपासा. स्टार आणि परदेशी जमिनीवरची कासवं एकत्र ठेवूच नका, एकाला न बाधणारा जंतू दुसऱ्याला मारतो.

---

गोदाकाठ

दोन स्लायडर एकत्र वाढलेली असली तर जोडी तोडावी का? मुलांचा जीव त्यात अडकलाय.

---

पाणकणीस

तोडा, खुशाल. कासवं जोडी बांधून राहत नाहीत. एकाच टबमध्ये ती एकमेकांना सहन करत असतात, आणि दोन्ही नर असतील तर शेपटी आणि पाय कुरतडले जातात. (नर ओळखायची खूण: पुढची नखं खूप लांब, शेपटी जाड.) दोन मोठ्या स्लायडरना मिळून ७०० लिटर देणारं घर शोधण्यापेक्षा दोन वेगळी घरं लवकर मिळतात. मुलांना नव्या घरी टाकी मांडायला घेऊन जा, कासव कुठे राहणार ते त्यांना दिसू दे.

---

चिंचवण

सोसायटीच्या कारंज्याचा हौद सुचवणारे भेटतात. तो चालतो, पण या अटींवर: खोली ६० सेंमी, बाहेर यायला खडबडीत उतार, कडेला आतल्या बाजूला झुकलेली ४५ सेंमी भिंत, पावसाचं जादा पाणी जातं त्या तोंडाला बारीक जाळी. ही जाळी राहिली की जुलैत हौद भरून वाहतो आणि कासव नाल्यातून थेट नदीत जातं. वरून जाळी हवी, घारी आणि कावळे लहान कासव उचलतात. उंदीर आणि मुंगूस पाय कुरतडतात. कारंज्यात क्लोरीन टाकत असतील तर बंद करावं लागेल. आणि समितीच्या ठरावात जबाबदार माणसाचं नाव लिहून घ्या. "सगळ्यांचं" कासव उपाशी राहतं.

---

ठाणेखाडी

आणि काहीच जमलं नाही तर?

---

कवचवैद्य

तर ठेवायचं, टब मोठा करून. मोठ्या टबमध्ये आठवड्याला एकदा निम्मं पाणी बदललं, थेट ऊन आणि नीट खाणं दिलं तर काम रोजचं पंधरा-वीस मिनिटांचं आहे. बऱ्याच घरांत टाकी लहान असल्यामुळेच काम असह्य झालेलं असतं.

बरं न होणारा आजार असेल, यातना दिसत असतील, तर डॉक्टर भूल देऊन वेदनारहित मृत्यू देऊ शकतात, परदेशी पाळीव कासवाच्या बाबतीत. देशी कासवाचा तो निर्णय वनविभागाचा. फ्रीझरमध्ये ठेवणं हा सौम्य मार्ग आहे असं कुठेतरी लिहिलेलं सापडेल, तसं मुळीच नाही. ते क्रूर आहे.

---

ठाणेखाडी

एक्स-रे झाला, आत सहा अंडी आहेत. मातीचा टब लावला. ऐरोलीतल्या एका कुटुंबाने त्यांच्या गच्चीवरच्या हौदाचे फोटो पाठवलेत, ४०० लिटर, उतार आणि जाळी दोन्ही आहेत. अंडी घातल्यावर लगेच पाठवू का?

---

कवचवैद्य

पुन्हा एक्स-रे काढून आत एकही उरलं नाही ना ते बघा. नंतर दोन आठवडे खाऊ दे, वजन स्थिर झालं की पाठवा. काढलेली अंडी उबवायची नाहीत, फ्रीझरमध्ये ठेवून मग टाका.

---

पाणकणीस

तोवर ऐरोलीकरांशी कागद करून घ्या. एक पान पुरे: कासवाचं वर्णन, पोटाचा फोटो, वजन, दिल्याची तारीख, दोन्ही सह्या. आणि दोन वाक्यं नक्की: कोणत्याही पाणवठ्यात सोडणार नाही; सांभाळणं अशक्य झालं तर आधी देणाऱ्याला कळवणार. मादी अंडी घालते हेही लिहा, त्यांना दरवर्षी मातीची जागा करावी लागेल.

फिल्टर द्यायचा असेल तर आतला स्पंज नळाच्या पाण्याने धुऊन चकचकीत करू नका. त्यातले जिवाणूच अमोनिया संपवतात. स्पंज टाकीच्याच पाण्यात भिजवून पिशवीत न्या आणि तिकडे पोचताच चालू करा, एक-दोन तासांच्या वर बंद राहू देऊ नका. नव्या हौदाचं पाणी त्याने फार लवकर बसतं. नळाचं पाणी भरलं असेल तर क्लोरीन मारायचे थेंब आधी घाला, नाहीतर स्पंजमधले जिवाणू पहिल्याच दिवशी मरतील.